शंभर गुणांच्या सामन्याचा ताळेबंद

व्यावसायिक बास्केटबॉलचा सामना संपताच दोन्ही संघांच्या कामगिरीचा जो तक्ता तयार होतो, त्याला ‘बॉक्स स्कोअर’ म्हणतात. त्यात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तो किती मिनिटे खेळला, त्याने बास्केटकडे किती वेळा चेंडू फेकला, किती वेळा तो आत गेला आणि त्याच्या खात्यावर किती गुण जमा झाले, याची नोंद असते. क्रिकेटच्या धावफलकाशी त्याचे नाते उघड असले, तरी क्रिकेटमध्ये एका वेळी एकच फलंदाज चेंडूला सामोरा जातो आणि श्रेय कोणाचे हे सहसा स्पष्ट असते. बास्केटबॉलमध्ये मात्र पाचही खेळाडू एकाच वेळी हालचाल करत असल्याने श्रेयाची वाटणी हाच आकडेवारीपुढचा खरा प्रश्न ठरतो. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी 2 मार्च 1962 रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हर्षी या गावी झालेल्या सामन्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

त्या रात्री फिलाडेल्फिया वॉरियर्सने न्यूयॉर्क निक्सवर 169 विरुद्ध 147 असा विजय मिळवला आणि वॉरियर्सचा मध्यवर्ती खेळाडू, म्हणजे ‘सेंटर’, विल्ट चेंबरलेन याने एकट्याने 100 गुण नोंदवले. प्रेक्षकांची अधिकृत संख्या 4,124 होती, सामना दूरचित्रवाणीवर दाखवला गेला नाही, आणि आज उपलब्ध आहे ते प्रामुख्याने चौथ्या सत्राच्या रेडिओ समालोचनाचे ध्वनिमुद्रण. सामन्यानंतर वॉरियर्सचे आकडेवारी-नोंदकार हार्वी पोलॅक यांनी एका कागदावर ‘100’ असा आकडा लिहून चेंबरलेनच्या हाती दिला आणि तो कागद धरलेले त्याचे छायाचित्र जगभर पोहोचले. चित्रफीत नसल्यामुळे अभ्यासकाला मुख्यतः बॉक्स स्कोअरवरच भिस्त ठेवावी लागते, आणि तो तक्ता त्या कागदावरील एका आकड्यापेक्षा पुष्कळ अधिक सांगतो.

चालू खेळात टाकलेल्या यशस्वी फेकीला ‘फील्ड गोल’ म्हणतात आणि त्या काळी अशा प्रत्येक फेकीचे दोन गुण मिळत. प्रतिस्पर्ध्याने नियमभंग, म्हणजे फाउल, केल्यावर ठरावीक रेषेवरून कोणाच्याही अडथळ्याविना टाकायची फेक म्हणजे ‘फ्री थ्रो’, आणि तिचा एक गुण असतो. चेंबरलेनने 63 प्रयत्नांत 36 फील्ड गोल केले आणि 32 पैकी 28 फ्री थ्रो साधले. म्हणजे 72 अधिक 28 असे 100 गुण. यातील खरे नवल दुसऱ्या आकड्यात आहे, कारण फ्री थ्रो हा चेंबरलेनच्या खेळातला प्रसिद्ध कच्चा दुवा होता. त्या हंगामात दोन्ही हातांनी खालून चेंडू उचलून टाकण्याची पद्धत अवलंबूनही त्याचे यश सुमारे 61 टक्क्यांवरच राहिले होते. त्या हिशेबाने 32 पैकी 20 फेकी साधणे अपेक्षित होते. त्या रात्री आठ जास्त साधल्या गेल्या, आणि त्या आठ गुणांविना हा सामना 92 गुणांचा सामना म्हणून ओळखला गेला असता.

सत्रवार नोंद पाहिली असता दुसरी गोष्ट ध्यानात येते. बारा मिनिटांच्या चार सत्रांत चेंबरलेनने अनुक्रमे 23, 18, 28 आणि 31 गुण मिळवले, म्हणजे खेळाडू थकण्याच्या वेळीच त्याचा वेग वाढला. यात त्याच्या दमसासाइतकाच संघाच्या निर्णयाचाही भाग होता. सामना जवळजवळ हातात आल्यावर वॉरियर्सचे खेळाडू चेंडू त्याच्याकडेच देत राहिले. चेंडू त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून निक्सचे खेळाडू इतरांवर मुद्दाम फाउल करू लागले, आणि चेंडू लवकर परत मिळावा म्हणून वॉरियर्सनेही तोच मार्ग धरला. वॉरियर्सच्याच गाय रॉजर्सच्या ओळीत याच्याशी जुळणारी खूण दिसते: त्याने चालू खेळात केवळ चार फेकी केल्या, पण त्याच्या वाट्याला 12 फ्री थ्रो आले.

रॉजर्सची ओळ आणखी एका कारणासाठी वाचण्याजोगी आहे. सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणाऱ्या पासला ‘असिस्ट’ म्हणतात, आणि रॉजर्सच्या नावावर असे 20 पास आहेत, तर स्वतःचे गुण अवघे 11. त्याच संघाच्या अल ॲटल्सने आठच्या आठ फील्ड गोल आणि एकमेव फ्री थ्रो साधून 17 गुण मिळवले. एकही फेक न चुकवण्याची ही कामगिरी 100 या आकड्याच्या सावलीत झाकली गेली. पराभूत निक्सच्या बाजूलाही रिची गेरिनचे 39, क्लीव्हलँड बकनरचे 33 आणि विली नॉल्सचे 31 असे तिघांचे मिळून 103 गुण आहेत.

एवढे गुण होण्यामागे खेळाची गती होती. संघ चेंडू अडवून वेळ काढू लागल्याने सामने रटाळ होत आहेत, हे पाहून सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी 1954 मध्ये 24 सेकंदांच्या आत फेक करण्याचा नियम पुढे आणला. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे 120 फेकी करतात, असे गृहीत धरून त्यांनी 48 मिनिटांच्या 2,880 सेकंदांना त्या संख्येने भागले होते. हर्षीच्या सामन्यात वॉरियर्सच्या 115 आणि निक्सच्या 118 मिळून 233 फेकी झाल्या, म्हणजे बियासोन यांच्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट. इतक्या संधी निर्माण झाल्या म्हणूनच एकाच्या वाट्याला 63 येऊ शकल्या.

संधी आणि फलित यांचे गुणोत्तर काढण्यासाठी आज ‘ट्रू शूटिंग’ हे मोजमाप वापरतात: फील्ड गोलच्या प्रयत्नांत फ्री थ्रोच्या प्रयत्नांच्या 0.44 पट मिळवून येणाऱ्या संख्येच्या दुपटीने गुणांना भागायचे. चेंबरलेनच्या बाबतीत हे उत्तर सुमारे 65 टक्के येते. तुलनेसाठी, 22 जानेवारी 2006 रोजी लॉस एंजेलिस लेकर्सच्या कोबी ब्रायंटने टोरोंटोविरुद्ध 46 प्रयत्नांत 28 फील्ड गोल आणि 20 पैकी 18 फ्री थ्रो साधून 81 गुण मिळवले. त्यात सात फेकी 1979 मध्ये सुरू झालेल्या तीन गुणांच्या रेषेपलीकडून होत्या, आणि त्याचे उत्तर सुमारे 74 टक्के येते. संघाच्या एकूण गुणांतील वाटाही चेंबरलेनचा 59 टक्के, तर ब्रायंटचा 66 टक्के ठरतो.

तरीही ही तुलना अपुरी आहे, कारण 1962 च्या तक्त्यात काही रकाने नव्हतेच. हुकलेली फेक परत ताब्यात घेणे म्हणजे ‘रिबाउंड’. चेंबरलेनचे असे 25 रिबाउंड नोंदलेले आहेत, पण त्यांपैकी आक्रमणात किती आणि बचावात किती, हे तक्ता सांगत नाही. अडवलेल्या फेकी आणि हिसकावलेले चेंडू यांची अधिकृत नोंद 1973-74 च्या हंगामापासून, तर गमावलेल्या चेंडूंची वैयक्तिक नोंद 1977-78 पासून ठेवली जाऊ लागली. त्यामुळे उंचपुऱ्या चेंबरलेनने त्या रात्री किती फेकी अडवल्या, हे या तक्त्यावरून सांगता येत नाही.

तेव्हा 100 हा आकडा खरा असला, तरी तो एकट्याचा नाही. त्यामागे 24 सेकंदांचा नियम, रॉजर्सचे पास, संघाने जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आणि फ्री थ्रोच्या रेषेवर अनपेक्षितपणे मिळालेली साथ आहे. बास्केटबॉलची आकडेवारी वाचणाऱ्याने गुणांच्या रकान्यावर न थांबता प्रयत्नांचा आणि सहकाऱ्यांचा रकाना आधी पाहावा. खेळाडूची थोरवी त्याने कमी होत नाही, उलट ती कशाच्या आधारावर उभी आहे हे नेमके कळते.