माळ्यावरचा कॉम्प्युटर आणि दूरचा मदतनीस

जुना कॉम्प्युटर टाकवत नाही आणि वापरताही येत नाही, ही अडचण आज कितीतरी घरांत आहे. घेताना त्याचे हप्ते भरलेले असतात, त्यामुळे तो चादरीत गुंडाळून माळ्यावर जातो. दर दिवाळीच्या साफसफाईला भंगारवाल्याची चर्चा होते आणि पुन्हा वर्षभर थांबते. मात्र एक काम हे जुने यंत्र अजूनही चोख करू शकते. ते म्हणजे दूरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरची खिडकी होण्याचे!

हा दुसरा कॉम्प्युटर मात्र नवा हवा, आणि तो पत्त्यांच्या जोडाएवढा असला तरी चालतो. ब्रिटनमध्ये तयार झालेला 'रास्पबेरी पाय' २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलर्सना विक्रीस आला. एकाच पट्टीवर सगळा कॉम्प्युटर! त्याला स्वतःचा पडदा किंवा कळफलक लागतोच असे नाही. दुसऱ्या यंत्रावरून त्यात 'लॉगिन' करून सगळी कामे करून घेता येतात.

फक्त अक्षरांचा प्रवास

असे लॉगिन करताना तारेवरून जातात ती फक्त अक्षरे. तुम्ही आज्ञा टाइप करता, काम तिकडचा कॉम्प्युटर करतो आणि उत्तर तुमच्या पडद्यावर उमटते. म्हणून इकडचे यंत्र दुबळे असले तरी बिघडत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोठ्या शहरांत इंटरनेट सुरू केले, तेव्हा अनेकांनी स्वस्तातले 'शेल अकाउंट' घेतले होते. मोडेम किरकिरला की घरचा पीसी निगमाच्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडला जाई. चित्रे नाहीत, माऊस नाही, नुसती अक्षरे. पत्रे वाचायची तीही तशीच.

आणखी एक नाते गमतीचे आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून देशातील शाळांना 'बीबीसी मायक्रो' हे कॉम्प्युटर मिळाले. ते बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतच १९८५ मध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी 'आर्म' प्रोसेसर घडवला. त्याच घराण्यातला प्रोसेसर आज रास्पबेरी पायमध्ये आहे. शाळेतल्या त्या यंत्राची स्मृती ३२ किलोबाइट होती, तर पहिल्या पायची २५६ मेगाबाइट, म्हणजे आठ हजार पटींहून अधिक. तरीही बीबीसी मायक्रो पायची खिडकी होऊ शकतो. नातवाच्या घरी आजोबांनी डोकावावे, तसेच हे!

कुलूप आहे का?

दूरवरून दार उघडते म्हटल्यावर गृहिणीच्या मनात पहिला प्रश्न येतो तो चोराचा. तो रास्तच आहे. १९६९ पासूनची 'टेलनेट' ही जुनी पद्धत पासवर्डसुद्धा उघडाच पाठवते. पोस्टकार्डावर तिजोरीचा आकडा लिहून धाडण्यासारखेच ते! हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यातून असे पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू इल्योनेन यांनी १९९५ मध्ये 'एसएसएच' तयार केले. यात सगळा मजकूर गुप्त लिपीत जातो.

निष्काळजीपणाची किंमत २०१६ मध्ये दिसली. 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर टेलनेटमार्गे काबीज केले. त्यांच्याकरवी २१ ऑक्टोबर रोजी झालेल्या हल्ल्यात अनेक मोठ्या सेवा काही तास कोलमडल्या. पाय बनवणाऱ्यांनीही त्याच वर्षी एसएसएच सुरुवातीला बंद ठेवण्यास आरंभ केला आणि २०२२ मध्ये सर्वांना ठाऊक असलेले ठरीव नाव व पासवर्डही काढून टाकले.

जोडायचे कसे?

झाशीत पेशवाईपासून स्थायिक झालेली मराठी घरे आहेत. समजा, अशाच एका घरातला मुलगा त्याच जिल्ह्यातील टहरौलीच्या शाळेत शिक्षक आहे. त्याने शाळेत एक पाय ठेवला आणि 'किविक्स'च्या साहाय्याने त्यात विकिपीडिया भरून दिला. आता इंटरनेट नसले तरी मुले तो वाचू शकतात. रविवारी घरी बसून त्या पायची देखभाल करायची, तर माळ्यावरचा विंडोज ९८ चा पीसी उपयोगी पडेल का?

थेट जोडला तर नाही. आजची गुप्त लिपी त्याला पेलत नाही. पण घरीही एक पाय ठेवावा आणि पीसी त्याला सिरियल केबलने जोडावा. पीसीवर 'हायपरटर्मिनल' उघडले की झाले. उघडी अक्षरे हातभर तारेतच राहतात आणि पुढचा झाशी-टहरौली प्रवास घरचा पाय एसएसएचने करतो. मोबाइलच्या इंटरनेटवर बाहेरून थेट शिरणे सहसा जमत नाही, म्हणून दोन्ही पाय खासगी जाळ्यात, म्हणजे व्हीपीएनमध्ये, घ्यावेत. राउटरचे दार सगळ्या जगाला उघडण्यापेक्षा हे बरे.

एक सावधगिरी मात्र विसरू नका. पायच्या पिनांना ३.३ व्होल्ट चालतात, तर जुन्या पीसीच्या सिरियल पोर्टवर १२ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. तार सरळ पिनांना लावली तर पाय जळेल. यूएसबीचा सिरियल अॅडॅप्टर मधे घाला. शिवाय वारंवार वीज गेली की पायचे मेमरी कार्ड बिघडू शकते. म्हणून छोटी बॅटरी लावावी आणि कार्डाची एक प्रत जपून ठेवावी.

तेव्हा या दिवाळीत भंगारवाल्याला हाक मारण्याआधी माळ्यावरच्या यंत्राला सिरियल पोर्ट आहे का, तेवढे पाहा. आणि दूरचे दार उघडायचे ठरलेच, तर आधी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला!