मान्सून गेला म्हणजे पाऊस गेला असं नव्हे
लेखमाला : आभाळाचा हिशेब – भाग बारावा

मागच्या भागात ऑगस्टमधला खंड कसा पडतो ते पाहिलं. तेव्हा सगळे पावसाची वाट पाहत होते, आता तो जाण्याची पाहतायत. उत्तरा नक्षत्र सरत आलंय, हस्त लागायला दोन-चार दिवस उरलेत. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजाच्या शिवारात लवकर पेरलेल्या सोयाबीनची पानं गळून शेंगा तपकिरी पडू लागल्यात आणि जो तो विचारतोय, ‘‘पाऊस केव्हा उघडतो?’’

हवामान विभागाकडे या प्रश्नाला तारखेचं उत्तर आहे. २०२०मध्ये विभागाने मान्सूनचं वेळापत्रक नव्याने बांधलं. त्यानुसार परतीचा प्रवास पश्चिम राजस्थानातून १७ सप्टेंबरला सुरू होतो. आधी ही तारीख १ सप्टेंबर धरली जायची. मुंबईतून मान्सून ८ ऑक्टोबरला निघतो, १५ ऑक्टोबरपर्यंत सगळा देश सोडतो. विदर्भाची पाळी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच येते. मान्सून परतायला लागला असं जाहीर करण्याआधी राजस्थानच्या बाजूला तीन खुणा पाहतात : सलग पाच दिवस पाऊस नसणं, जमिनीपासून दीडेक किलोमीटर उंचीपर्यंत वारे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरू लागणं आणि हवेतली वाफ ठळकपणे कमी होणं.

या तारखा सरासरीच्या आहेत. २०१९मध्ये परतीला सुरुवातच ९ ऑक्टोबरला झाली, नोंदींमधली ती सर्वांत उशिराची. २०२५मध्ये उलट घडलं. परतीचा प्रवास १४ सप्टेंबरलाच सुरू झाला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार उडवला. १६ ऑक्टोबरला मान्सून देशातून गेल्याचं जाहीर झालं, तरी २८ ऑक्टोबरच्या रात्री ‘मोंथा’ चक्रीवादळ काकीनाड्याजवळ किनाऱ्याला लागलं आणि त्याच्या उरलेल्या ढगांनी विदर्भाला भिजवलं. म्हणून सोंगणीचा दिवस ठरवताना ‘मान्सून गेला’ या बातमीवर विसंबू नये. विचारायचं ते एवढंच : पुढचे चार-पाच दिवस कोरडे आहेत का?

नजर पूर्वेकडे ठेवा

वाशीमचं पठार दोन खोऱ्यांच्या मधोमध आहे. जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा अकोल्याकडे उतरून पूर्णेतून तापीला, म्हणजे अरबी समुद्राला जाते. अडाण पैनगंगेला मिळते आणि तिचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. पाणी दोन्हीकडे जातं खरं. पण सप्टेंबर सरताना मोठा पाऊस येण्याची वाट बहुतेक वेळा एकच असते, ती पूर्वेची.

कारण असं. सूर्य दक्षिणेकडे सरकतो, वायव्य भारताची जमीन निवू लागते, तिथे हवेचा दाब वाढतो आणि कोरडे वारे खाली उतरू लागतात. अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा जोर ओसरतो. बंगालच्या उपसागराचं पाणी मात्र अजून तापलेलंच असतं. तिथे कमी दाबाचे पट्टे तयार होत राहतात आणि आंध्र, ओडिशाचा किनारा ओलांडून छत्तीसगड किंवा तेलंगणामार्गे आपल्याकडे सरकतात.

२०२१चं ‘गुलाब’ चक्रीवादळ याचं ठळक उदाहरण. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. तिथून वाशीम सातशेहून अधिक किलोमीटर दूर. पण दोनच दिवसांत, २८ तारखेला, त्याच्या अवशेषांनी मराठवाडा आणि लगतचा विदर्भ झोडपून काढला. त्याच दिवशी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून एसटी बस वाहून गेली. पुढे हेच अवशेष अरबी समुद्रात उतरले, तिथे पुन्हा बळावून ‘शाहीन’ झाले आणि ओमानला जाऊन धडकले.

यातला कामाचा भाग म्हणजे ते दोन दिवस. उपसागरात कमी दाब तयार झाल्याची बातमी आली की आपल्या हाती साधारण दोन ते चार दिवस असतात. प्रत्येक पट्टा आपल्यापर्यंत पोचत नाही; कितीतरी ओडिशातच विरतात किंवा उत्तरेला वळतात. तरी ती बातमी कानावर पडली की उभं पीक आडवं करण्याआधी एक दिवस थांबून त्याची वाट कोणती ते पाहावं.

दुपारनंतरचा पाऊस

दुसरा पाऊस इथल्या इथे तयार होतो, त्याला कमी दाब लागत नाही. सकाळी आभाळ निरभ्र, अकराला ऊन चटके देऊ लागतं, जमिनीत पावसाळ्याची ओल असतेच. तापलेली दमट हवा वर चढते, तीनच्या सुमाराला ढग फुलकोबीसारखे फुगतात, खालून काळे पडतात, आणि तासाभराचा दणका देऊन मोकळे होतात. किन्हीराजात पाट वाहतात आणि दोन कोसांवर धूळ बसत नाही, ते या पावसात. त्याच्यासोबत विजा ठरलेल्या. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली जाऊ नये. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं, ते मोबाइलमध्ये असू द्यावं.

अंदाज कसा वाचायचा

‘विदर्भात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह हलका ते मध्यम पाऊस’ हे वाक्य या दिवसांत रोज ऐकू येतं. यातला प्रत्येक शब्द मोजलेला आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर; ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के; ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के. ‘मध्यम’ पाऊस १५.६ ते ६४.४ मिलिमीटर, ‘जोरदार’ त्यापुढे ११५.५पर्यंत. हा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा चोवीस तासांचा. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा.

म्हणजे ‘तुरळक’ असेल तर सोंगणी थांबवायचं कारण नाही, ताडपत्री मात्र बांधावर हवी. ‘बऱ्याच ठिकाणी’ असेल तर मजूर आणि थ्रेशर दोन दिवस पुढे ढकलावेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. सोंगणीचा दिवस तो पाहूनच ठरवलेला बरा.

सोयाबीन फार दिवस उभंही ठेवता येत नाही. वाळलेल्या शेंगा उन्हात तडकतात आणि दाणा रानात सांडतो. सोंगलेलं पीक भिजलं तर दाणा डागी होतो, पाऊस लांबला तर शेंगेतच कोंब फुटतात. सुडी लावायची तर उंचवट्यावर लावावी, पाणी खालून शिरायला नको. ताडपत्री वरून घट्ट, पण ऊन पडताच बाजूने उघडावी, नाहीतर आतली वाफ पावसाइतकंच नुकसान करते. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. दाणा दातांखाली दबला तर अजून वाळवायला हवा. कट्कन फुटला तर पोती भरा.

या पावसाची दुसरी बाजूही आहे. सोयाबीन निघाल्यावर काळीत ओल टिकली तर कोरडवाहू हरभरा चांगला उगवतो. तुरीला फुलोऱ्याआधीची एखादी सर मानवते. नंतरचं सततचं ढगाळ हवामान मात्र शेंगा पोखरणाऱ्या अळीला बोलावणं धाडतं.

पाऊस खरोखर उघडल्याचं पहाटेच कळतं. हवेतली वाफ गेली की दिवसा ऊन तापतं आणि रात्री जमिनीची उष्णता आभाळात निघून जाते. वाशीमचं पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, अकोला त्याच्या जवळजवळ निम्म्या उंचीवर. त्यामुळे ऑक्टोबरची तलखी अकोल्यात जास्त जाणवते आणि पहाटेचा गारवा पठारावर आधी येतो. ओळीने तीन-चार दिवस पहाटे दव पडलं, दुपारी ढग फुगले नाहीत आणि उपसागर शांत असला, की थ्रेशरवाल्याला खुशाल फोन करा.

(पुढील भागात : हरभऱ्याची पेरणी आणि जमिनीतल्या ओलीचा अंदाज)