एका संगणकात चार बिऱ्हाडं

अनेक घरांतला संगणक सुरू केला की थेट डेस्कटॉप उघडतो. समोर कोण बसलंय, हे तो विचारतच नाही. त्या एकाच पडद्यावर वडिलांचं आयकर विवरणपत्र, आईचा भिशीचा हिशेब, मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट आणि मुलाचे गेम एकमेकांना खेटून पडलेले असतात आणि ब्राउझरमध्ये कुणाचा तरी ईमेल कायम उघडा असतो. चार बिऱ्हाडांच्या चाळीला एकच खोली आणि एकच कपाट, असा हा प्रकार आहे. अशा घरांनी दोन गोष्टी कराव्यात, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येकाचं अकाउंट वेगळं असावं आणि रोज वापरायचं एकही अकाउंट अॅडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे संगणकात सगळं काही करण्याची परवानगी असलेलं, नसावं. पहिली गोष्ट काही घरांत झालेली असते, पण दुसरी राहून जाते, आणि तिच्यावाचून पहिलीला फारसा अर्थ उरत नाही.

वेगळ्या अकाउंटची कल्पना जन्मली तीच मुळी वाटून वापरायच्या यंत्रावर. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत 1961 मध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली चालवून दाखवली. यंत्र एक आणि वापरणारे अनेक, म्हणून प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात आणि ज्याला जेवढा वेळ ठरवून दिला आहे तेवढाच त्याने वापरावा यासाठी नाव आणि पासवर्ड आले. त्याच प्रणालीवर 1962 मध्ये अॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला वेळ पुरेना, तेव्हा त्याने पासवर्डांची अख्खी फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केलं. पुढे त्याच प्रणालीत एकदा फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून आले. नुसत्या पासवर्डवर विसंबून चालत नाही, कोणाला काय उघडता येईल याची हद्दही यंत्रातच पक्की आखावी लागते, हा धडा इतका जुना आहे.

घरगुती संगणकांपर्यंत हा धडा फार उशिरा पोचला. विंडोज 95 मध्ये पासवर्डची चौकट यायची खरी, पण एस्केप दाबलं की ती बाजूला व्हायची आणि संगणक उघडायचा. ते कुलूप नव्हतंच, फार तर दाराला लावलेला पडदा होता. विंडोज एक्सपी 2001 मध्ये आली आणि स्वागताच्या पडद्यावर प्रत्येकाचं नाव, चित्र दिसू लागलं, एकाचं काम न मिटवता दुसऱ्याला बसता येऊ लागलं. मात्र सुरुवातीला तयार होणारी अकाउंटं सगळी अॅडमिनिस्ट्रेटरची असायची. आपल्याकडच्या कितीतरी घरांना संगणकाची सवय लागली ती याच काळात. सगळ्यांना सगळ्याची परवानगी हीच रीत आहे असं वाटणं त्यातून रुजलं, आणि संगणक बदलले तरी ते वाटणं गेलेलं नाही.

त्याने काय होतं ते विंडोजवर दोन मिनिटांत पाहता येतं. सी ड्राइव्हमधला यूजर्स हा फोल्डर उघडा. घरातल्या प्रत्येक अकाउंटच्या नावाचा एक फोल्डर तिथे दिसेल. दुसऱ्याच्या फोल्डरवर क्लिक केलं की परवानगी नसल्याचा निरोप येतो आणि खाली ‘कंटिन्यू’ असं बटण असतं. तुमचं अकाउंट अॅडमिनिस्ट्रेटरचं असेल तर ते बटण दाबताच दार उघडतं. साधं असेल तर संगणक अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतो. म्हणजे चौघांच्या चारही खोल्यांना कुलपं आहेत, पण चौघांच्याही खिशात घरमालकाची किल्ली आहे, अशी अनेक घरांची अवस्था असते. आणि ही किल्ली माणसाबरोबरच त्याने उघडलेल्या प्रोग्रॅमच्याही हाती जाऊ शकते. मुलाने कुठून तरी उतरवलेला गेम सुरू करताना परवानगीची चौकट आली आणि त्याने सवयीने ‘येस’ दाबलं, तर त्या गेमबरोबर आलेल्या आगंतुकाला सगळं घर मोकळं. साध्या अकाउंटमध्ये त्याच जागी पासवर्ड मागितला जातो आणि मोठ्या माणसाला उठून यावं लागतं. नुकसान तरीही होऊ शकतं, पण ते बहुधा त्या मुलाच्या फाइलींपुरतं राहतं.

इथे आपल्याकडच्या आणखी एका सवयीबद्दल सांगायला हवं. संगणक दुरुस्त करणारा सांगून जातो, ‘सगळं डी ड्राइव्हला ठेवा, फॉरमॅट मारताना सी जातो.’ सल्ला चुकीचा नाही. पण प्रत्येकाच्या खाजगी फोल्डरला असलेला आडोसा डी ड्राइव्हला आपोआप मिळत नाही. तिथे ठेवलेली फाइल एरवी प्रत्येक अकाउंटला वाचता येते आणि पुसताही येते. त्यामुळे वेगळी अकाउंटं करूनही पॅन कार्डाच्या आणि पासबुकाच्या स्कॅन केलेल्या प्रती डी ड्राइव्हवर ठेवल्या असतील, तर त्या अजून ओसरीवरच आहेत असं समजा.

यावर पहिला आक्षेप वेळेचा असतो. दर वेळी एकाने बाहेर पडायचं, दुसऱ्याने आत यायचं, कोण करत बसणार? यात बाहेर पडणं आणि अदलाबदल यांची गल्लत होते. ‘साइन आउट’ केलं की उघडे प्रोग्रॅम बंद होतात. ‘स्विच यूजर’ केलं तर तुमचं अर्धवट पत्र, उघडी पानं जिथल्या तिथे राहतात आणि दुसरा आपलं काम करून उठला की तुम्हाला ती तशीच सापडतात. विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबलं की पडदा बंद होतो, ही युक्तीही एका क्षणाची. एक खरी अडचण मात्र आहे. पाठीमागे थांबलेलं काम मेमरी अडवून ठेवतं, त्यामुळे चार जीबीच्या जुन्या संगणकावर तिघांची कामं एकदम थांबवून ठेवली तर तो रेंगाळणारच. अशा यंत्रावर काम झालं की साइन आउट करण्याचीच शिस्त बरी. आणि बंद करताना दुसरं कुणीतरी अजून वापरतंय असा इशारा आला, तर तो वाचा. तो डावलला की त्या माणसाचं न साठवलेलं काम जातं.

दुसरा आक्षेप मनाला लागणारा आहे. घरच्या माणसांत कसलं आलंय लपवणं? पण एकाच छपराखाली राहणाऱ्यांची कपाटं वेगळी असतात, तेव्हा कुणी त्याला अविश्वास म्हणत नाही. आजीची औषधांची यादी चुकून पुसली जाऊ नये, अकरावीतल्या मुलीला तिचं लिखाण निर्धास्तपणे उघडं ठेवता यावं, यात लपवाछपवी कसली? पतसंस्था, सोसायटीचं कार्यालय, शाळेची संगणक खोली इथे तर हा प्रश्न जबाबदारीचा होतो. सगळ्यांसाठी एकच लॉगिन आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला, अशा ठिकाणी नोंद कुणी बदलली हे सांगता येत नाही आणि संशय निरपराध माणसावरही येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण पासवर्डच सगळ्यांचा असेल, तर लबाडी कुणाची हे ठरवायचं कसं?

वेगळी अकाउंटं म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. संगणकच चोरीला गेला आणि त्याची डिस्क एन्क्रिप्ट म्हणजे कूटबद्ध केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की फाइली वाचता येतात. म्हणून लॅपटॉप असेल तर एन्क्रिप्शनही चालू करा. पण घरातल्या आणि कार्यालयातल्या रोजच्या घोटाळ्यांना ही तजवीज पुरते. येत्या रविवारी अर्धा तास काढा. आधी एक नवं अॅडमिनिस्ट्रेटर अकाउंट तयार करा, त्याचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. मग आपलं रोजचं अकाउंट साधं करा, घरातल्या बाकीच्यांना साधी अकाउंटं द्या आणि पाहुण्यांसाठी एक वेगळं ठेवा. शेवटी डी ड्राइव्हवरची महत्त्वाची कागदपत्रं ज्याची त्याच्या फोल्डरमध्ये हलवा आणि त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन त्याच कपाटात ठेवा.