चित्राचे ओझे

सांगली जिल्ह्यातील ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) हे कृष्णा व वारणा या दोन नद्यांच्या मधल्या सुपीक प्रदेशात वसले आहे. यांपैकी वारणेच्या खोऱ्यात १९९८ साली एक अभिनव प्रयोग सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणानगरचा सहकारी उद्योगसमूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली या जिल्ह्यांतील ७० गावे संगणकांनी जोडण्याचे योजिले. कारखान्यावर गेलेला ऊस किती भरला, खत किती उचलले, हे शेतकऱ्यास आपल्याच गावात कळावे, हा त्यामागील हेतू.

त्या काळी खेड्यातील संगणक दुसऱ्या संगणकाशी बोलत असे तो बहुधा दूरध्वनीच्या तारेवरून. ही तार म्हणजे जणू अरुंद पाट होता. संगणकातील माहिती ‘बाइट’ या मापाने मोजतात. सर्व काही सुरळीत असले, तरी त्या तारेतून एका सेकंदास फार तर ७,००० बाइट जात. उसाच्या वजनाचे चार आकडे पाठविण्यास एवढा वेग पुष्कळ झाला. पण आजच्या मोबाइलने काढलेले ३५ लक्ष बाइटांचे एक छायाचित्र त्या तारेवर घातले असते, तर ते पोहोचण्यास ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक काळ लागला असता. तेच चित्र एक लक्ष बाइटांचे केले, तर पंधरा सेकंदांच्या आत काम झाले असते.

आता पाट रुंद झाले आहेत, हे खरे. तथापि सर्वांच्या दारी ते सारखेच रुंद नाहीत. डोंगराच्या आड असलेल्या वस्तीवर मोबाइलच्या लहरी क्षीण होतात. जत्रेच्या दिवशी एकाच मनोऱ्यावर हजारोंचा भार पडतो. शिवाय चित्र एकदाच पाठविले जाते, पण ते शंभर घरी उघडले, तर त्याचा भार शंभर वेळा पडतो आणि त्याचा खर्च पाहणाऱ्यांस सोसावा लागतो. पाठविणाऱ्याच्या हे सहसा ध्यानात येत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर ते चित्र आधीच असते!

चित्र एवढे जड का होते? संगणकातील छायाचित्र असंख्य रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते. आडवे ४,००० व उभे ३,००० ठिपके धरले, तर एकूण एक कोटी वीस लक्ष ठिपके होतात. प्रत्येकाच्या रंगासाठी तीन बाइट, म्हणजे एकूण तीन कोटी साठ लक्ष बाइट झाले. हा पसारा आवरण्याची युक्ती ज्यांना सुचली, त्यांपैकी प्रमुख नाव नासिर अहमद यांचे आहे. बंगळूर येथे जन्मलेले हे अभियंता अमेरिकेतील कॅन्सस येथे अध्यापन करीत होते. १९७२ साली त्यांनी आपल्या कल्पनेवर संशोधन करण्यासाठी तेथील सरकारी संस्थेकडे अनुदान मागितले. कल्पना फारच सोपी आहे, असे म्हणून ते नाकारण्यात आले. अहमद यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन व के. आर. राव या सहकाऱ्यांसह त्यांनी १९७४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला.

ती रीत अशी: चित्राचे आठ बाय आठ, म्हणजे ६४ ठिपक्यांचे चौकोन पाडावयाचे. प्रत्येक चौकोनात उजेड सावकाश कोठे बदलतो व झपाट्याने कोठे, हे गणिताने वेगळे काढावयाचे. मनुष्याच्या डोळ्यास सावकाश बदल चटकन दिसतो. बारीक चलबिचल तितकीशी जाणवत नाही. तेव्हा ती चलबिचल ढोबळमानाने नोंदविली किंवा गाळली, तरी पाहणाऱ्यास उणीव भासत नाही. १९९२ साली ठरलेली ‘जेपेग’ ही चित्रपद्धती याच रीतीवर उभी आहे. तीन कोटी साठ लक्ष बाइटांचे चित्र पस्तीस लक्षांवर येते, ते तिच्याच कृपेने.

पण पुढचे काम माणसानेच करावयाचे असते. मोबाइलच्या पडद्याची रुंदी साधारणपणे हजार ठिपक्यांची असते. तेथे चार हजार ठिपक्यांचे चित्र पाठवून काय साधणार? लांबी व रुंदी चौथाईवर आणली की ठिपके सोळाव्या हिश्शावर येतात. मात्र गाळलेला तपशील पुन्हा मिळत नाही, म्हणून मूळ चित्र जपून ठेवावे व लहान केलेली प्रत तेवढी पाठवावी. उसाच्या पानावरील रोग जाणकारास दाखवावयाचा असेल, तर तेथे काटकसर चालणार नाही. त्या बारीक ठिपक्यांवरच निदान अवलंबून असते. रेघांच्या आकृतीस व अक्षरांस जेपेग मानवत नाही, कडा धूसर होतात. त्यांस ‘पीएनजी’ ही पद्धती बरी.

सूचनेचा कागद टिपून त्याचे छायाचित्र धाडण्याची रीत तर पुष्कळ ठिकाणी पडली आहे. ती सोयीची वाटते खरी, पण अंध मनुष्याचा मोबाइल अक्षरे वाचून दाखवितो, चित्रातील अक्षरे त्यास बहुधा नीट वाचता येत नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा व वारणा यांना महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर चढले. अशा दिवसांत वीज जाते, मोबाइल उतरत येतो आणि नदीकाठच्या प्रत्येक घराला एकच आकडा हवा असतो. मोबाइलच्या साध्या संदेशात देवनागरीची ७० चिन्हे मावतात. ‘सायंकाळी ६ वाजता आयर्विन पुलाजवळ पाणी ४३ फूट’ या ओळीस, काना-मात्रा व मोकळ्या जागा धरून, ४४ लागतात. पुराचे छायाचित्रच पाठविणे अगत्याचे असेल, तर पूल, आकाश व बघ्यांची गर्दी कापून मोजपट्टीच्या आकड्यांपुरता तुकडा ठेवला, की तोही अंधुक लहरींवरून पलीकडच्या काठास जाऊन पोहोचतो.