गणवेश आणि एक स्टूल

कापडाच्या वा दागिन्यांच्या मोठ्या दालनात शिरताच एकाच रंगाच्या साड्या नेसलेल्या, केस नीटनेटके बांधलेल्या मुली हसतमुखाने स्वागत करतात. यात व्यापाराचाही अर्थ आहे. विचारायचे कोणाला, हे गिऱ्हाइकाला तत्काळ कळते. शिवाय घरच्या परिस्थितीतील अंतर कपड्यांतून उघडे पडत नाही. गणवेशाविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र या टापटिपीत पुष्कळ ठिकाणी एक अलिखित कलम शिरलेले असते: दुकानात गिऱ्हाईक असो वा नसो, नोकरमाणूस बसलेला दिसता कामा नये.

या कलमाला आव्हान मिळाले ते केरळात. कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेत शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी दुकानांतील स्त्रियांना संघटित केले. आधी मागणी होती स्वच्छतागृहाची, मग बसण्याची. दिवसभर उभे राहून पाय सुजणे, पोटऱ्यांच्या शिरा फुगणे, कंबर धरणे हे या स्त्रियांच्या नित्याचेच होते. अखेर २०१८ मध्ये केरळने आपल्या १९६० च्या दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तशीच तरतूद केली. चेन्नईच्या रंगनाथन स्ट्रीटवरील कापड दुकानातल्या नोकरांची दशा दाखवणारा ‘अंगाडी तेरु’ हा तमिळ चित्रपट २०१० मध्येच येऊन गेला होता.

गंमत अशी की, आपल्याकडील जुन्या पेढीवर उभे कोणीच नसे. पांढऱ्या चादरीची गादी, लोड-तक्के. मुनीम बसलेला, गुमास्ता बसलेला, गिऱ्हाईकही जोडे उतरवून बसलेले. डोक्यावर टोपी हवी, धोतर स्वच्छ हवे, ही शिस्त कडक होती. पण आदर दाखवण्यासाठी कोणाला ताटकळावे लागत नसे. काचेचे काउंटर आले, गादी गेली, आणि तिच्याबरोबर नोकराची बैठकही गेली.

खर्चाचे म्हणाल, तर गणवेश दुकानाची जाहिरात करतो. तेव्हा त्याची रक्कम जाहिरात खात्यावर पडावी, पगारातून कापून घेणे हिशेबाला धरून नाही. लग्नसराईत रात्री उशिरा घरी पोहोचून तीच साडी धुवायची आणि सकाळी अर्धवट ओली नेसायची, अशी वेळ मुलींवर येते. दोनाऐवजी तीन साड्या द्याव्यात. आणि दुपारी दुकान रिकामे असते, तेव्हासाठी काउंटरमागे निदान दोघींत एक स्टूल असावे.