सैल धाग्याची करामत

मुलांनो, तुर्की कारागिरीचं प्रदर्शन बघायला येता? तिकीट नाही, रांग नाही. न्हाणीघरात जा आणि खुंटीवरचा टॉवेल काढून आणा. ओला असला तरी चालेल!

दुकानात आपण ‘टर्किश टॉवेल’ मागतो. त्यातलं टर्किश म्हणजे तुर्कस्तानचं. तिथे हमाम असतात, म्हणजे सगळ्यांसाठीची गरम न्हाणीघरं. तिथे अंगाभोवती गुंडाळायला आपल्या पंच्यासारखंच सपाट कापड असे, त्याचं नाव पेश्तेमाल. पुढे तिथल्या विणकरांनी कापडावर दोऱ्याच्या इवल्या इवल्या कमानी उभ्या केल्या. बुर्सा हे शहर त्यासाठी नावाजलं. तुर्की भाषेत ‘हाव’ म्हणजे कापडावरची लव आणि ‘हावलू’ म्हणजे लव असलेला. टॉवेलला ते हावलूच म्हणतात.

१८५० च्या सुमारास हेन्री ख्रिस्ती नावाचे इंग्रज गृहस्थ तिकडे फिरायला गेले आणि या कापडाचा नमुना घेऊन घरी परतले. सॅम्युएल होल्ट यांनी ते यंत्रावर विणायची युक्ती काढली. १८५१ साली लंडनला जगभरच्या वस्तूंचं प्रचंड प्रदर्शन भरलं, त्यात हे टॉवेल मांडले होते. आज आपल्या सोलापूरचे टॉवेलही नावाजलेले आहेत.

आता खरी गंमत. भिंग घ्या आणि टॉवेलच्या कमानी बघा. त्या कोणी सुईनं टाचल्या का? नाही, विणतानाच उभ्या राहिल्या! कशा, ते इचलकरंजीच्या मुलांना चटकन कळेल. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला, आणि आज गल्लोगल्ली मागांची खटखट ऐकू येते. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. ताणा बीमवर गुंडाळलेला असतो. धोटा बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो आणि फणी तो धागा ठोकून घट्ट बसवते. साध्या कापडाचा ताणा सैल पडला तर ती खोट. विणकर लगेच माग थांबवतो.

टॉवेलच्या मागावर मात्र ताण्याची बीमं दोन असतात. एकावरचे धागे ताठ, दुसऱ्यावरचे मुद्दाम सैल! बाण्याचे दोन धागे घातले तरी फणी त्यांना कापडापर्यंत नेत नाही, थोडं अंतर सोडते. तिसरा धागा पडला की मग तिन्ही एकदम पुढे ठोकते. ते तिघं ताठ धाग्यांवरून घसरत जातात आणि सैल धाग्यांना सोबत ओढतात. सैल धाग्यांना जागा पुरत नाही, मग ते कमान करून उभे राहतात. पायजम्याची नाडी धरून कापड मागे सारलं की चुण्या पडतात ना? तसंच. सोडलेलं अंतर जितकं मोठं, तितकी कमान उंच. काही कमानी वर आणि काही खाली काढल्या की टॉवेल दोन्ही बाजूंनी लवदार होतो.

मला विणकामातली ही सगळ्यात हुशार युक्ती वाटते. जी खोट म्हणून टाळायची, तीच इथे कामाला लावली!

कमानींचा उपयोग काय? सुती धाग्याला पाणी ओढून घ्यायची सवयच असते. कमानींमुळे तेवढ्याच चौकोनात कितीतरी जास्त सूत मावतं, आणि कमानींच्या मधल्या फटींतही पाणी अडकून राहतं. करून बघा. पंचा आणि टॉवेल यांचे जुने, सारख्या मापाचे तुकडे घ्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांची वजनं करा. मग ते भिजवा, पाणी टपकायचं थांबेपर्यंत लटकवा आणि पुन्हा वजन करा. पाणी कुणी जास्त धरलं? मग दोन्ही वाळत घाला. इथे पंचा जिंकेल, बरं का! आपल्या पावसाळ्यात पंचाच बरा, हे माझं मत.

आपल्या घरच्या तुर्की प्रदर्शनातली दुसरी वस्तू आजोबांच्या कपाटात सापडेल. जुन्या बांधीव वहीच्या पुठ्ठ्यावर ढगांसारख्या रंगांच्या लाटा दिसल्या तर तो अबरी कागद. घट्ट केलेल्या पाण्यावर रंग तरंगवून त्यावर कागद टेकवतात, तशी ही नक्षी. तुर्कस्तानात तिला एब्रू म्हणतात. बघा, नावं किती जवळची आहेत!

आणि पुढच्या वेळी मागाच्या शेडवरून जाताना आत डोकावा आणि विचारा, “काका, या मागावर टॉवेल विणायचा तर काय काय बदलावं लागेल?” उत्तरातली पहिली गोष्ट तुम्हाला आताच ठाऊक आहे: आणखी एक बीम.