स्लॅबमधला पीळ आणि कोणीच न उचललेला भार

मागच्या वेळी आपण एकाच दिशेने वाकणारा स्लॅब पाहिला. आज चारही बाजूंनी भिंतींवर टेकलेला स्लॅब घेऊ.

कॉम्प्युटरवर अशा स्लॅबचं विश्लेषण केलं की प्रत्येक बिंदूपाशी तीन मोमेंट मिळतात. एक्स दिशेने वाकवणारा, वाय दिशेने वाकवणारा आणि तिसरा पिळणारा. पहिल्या दोघांची रंगीत चित्रं काढायची, त्यावरून सळ्या ठरवायच्या आणि तिसरं चित्र उघडायचंच नाही, ही रीत आम्ही बऱ्याच ठिकाणी पाहिली. विचारलं तर उत्तर येतं, "सर, पण पिळासाठी सळी टाकायची कोणत्या दिशेला?" हा प्रश्न वरवरचा नाही. तिथूनच सुरुवात करू.

घरात जुनी लग्नपत्रिका असेल तर तिचा जाड चौकोनी तुकडा घ्या. समोरासमोरचे दोन कोपरे वर उचला, उरलेले दोन खाली दाबा. कागद पिळला गेला. आता नीट बघा: चारही कडा सरळच आहेत. कडेला समांतर अशी कुठलीही रेघ पाहिली तरी ती सरळ. पण कर्णावरून पाहिलंत तर एक कर्ण खाली झोळ पडल्यासारखा दिसेल आणि दुसरा कमानीसारखा वर आलेला. म्हणजे कडांच्या दिशेने पाहणाऱ्याला जो पीळ आहे, तोच 45 अंशांनी वळून पाहणाऱ्याला साधा वाक आहे, एकीकडे खाली आणि दुसरीकडे वर, दोन्ही सारख्याच मापाचे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात वस्तू आणि वस्तूचं वर्णन यांतला फरक समजावताना आम्हाला इतकं सोपं उदाहरण क्वचितच मिळालं. पीळ हे नाव आपण निवडलेल्या अक्षांमुळे आलेलं आहे. काँक्रीटला ते अक्ष ठाऊक नाहीत. त्याला जिथे ताण येतो तिथे ते तडकतं.

मग सळ्या कर्णावरच का टाकू नयेत? टाकता येतील, पण प्रत्येक सळीची लांबी वेगळी, कापाकापी फार आणि साइटवर घोळ. म्हणून सळ्या कडांना समांतरच राहतात, आणि तिरक्या दिशेची गरज त्या दोन सरळ दिशांनी मिळून भागवावी लागते.

याचा हिशेब आर. एच. वुड यांनी 1968 साली मांडला. तिरक्या जाळीसाठी आर्मर यांनी त्यात भर घातली, म्हणून तो वुड-आर्मर या जोडनावाने ओळखला जातो. खालच्या सळ्यांसाठी नियम असा: दोन्ही दिशांच्या मोमेंटमध्ये पिळाचा आकडा, चिन्ह न पाहता, मिळवायचा. एक्सला 20, वायला 12 आणि पीळ 8 असेल, सगळं दर मीटर रुंदीला किलोन्यूटन-मीटरमध्ये, तर सळ्या 28 आणि 20 साठी. वरच्या सळ्यांसाठी तोच आकडा वजा करायचा. 12 आणि 4 उरतात, दोन्ही धन, म्हणून वर सळी लागत नाही. (एका दिशेचा आकडा शून्य ओलांडून गेला आणि दुसऱ्याचा नाही, तर सूत्र थोडं बदलतं. ते आज सोडू.) पीळ का मिळवायचा, तर असं केल्यावर कुठल्याही कोनात चिरून पाहा, सळ्यांची ताकद मागणीपेक्षा कमी पडत नाही. बरोबर 45 अंशांच्या एका चिरेवर ती मागणीइतकी असते, बाकी सगळीकडे जास्त.

आता स्लॅबचा कोपरा घ्या. दोन्ही कडा नुसत्या टेकलेल्या, म्हणून तिथे एक्स शून्य, वाय शून्य. आहे तो फक्त पीळ. सूत्रात घाला: खाली दोन्ही दिशांना सळी हवी, वरही दोन्ही दिशांना हवी. चार थर झाले. आयएस 456 च्या परिशिष्ट डी मध्ये अशा कोपऱ्याला हेच चार थर सांगितलेत. प्रत्येक थरात मध्यावरच्या सर्वांत मोठ्या मोमेंटला लागणाऱ्या सळीच्या तीन चतुर्थांश सळी, आणि कडेपासून लहान गाळ्याच्या एक पंचमांश अंतरापर्यंत. एकच कड पुढे सलग असेल तर याच्या निम्मी, दोन्ही सलग असतील तर काही नाही. पुष्कळजण हा नियम पाठ करतात, तो कुठून येतो ते मात्र पाहत नाहीत.

आकड्यांत बोलू. 4 मीटर बाजूचा चौरस स्लॅब, हिशेबाचा भार दर चौरस मीटरला 10 किलोन्यूटन. लवचीक सिद्धांताने, पॉइसनचा रेशो शून्य धरून, मध्यावर मोमेंट येतो सुमारे 5.9. आणि कोपऱ्यावर पीळ? 7.4. मध्यापेक्षा जास्त! शिवाय प्रत्येक कोपरा वर उचलू पाहतो, जवळजवळ दीड टनाच्या जोराने. खालच्या मजल्यांवर वरची भिंत त्याला दाबून धरते. गच्चीच्या स्लॅबवर असतो फक्त कठडा. म्हणून शेवटच्या मजल्यावर कोपऱ्याजवळ, स्लॅबच्या खालच्या विटांच्या थरात आडवी चीर दिसली तर ही एक शक्यता तपासायला हवी. स्लॅबच्या वरच्या अंगाला भेग कोपरा तोडल्यासारखी आडवी जाते, खालच्या अंगाला कर्णावरून.

आता एका श्रोत्यांची चिठ्ठी आहे: "पीळ शून्य धरून डिझाइन केलं तर ते चूकच का?" नाही, चूक नाही, आणि इथे बारकाईने ऐका. स्वीडनच्या हिलरबोर्ग यांची पट्ट्यांची पद्धत पीळ मुद्दाम शून्य धरते. पण मग सगळा भार त्या दोन दिशांच्या पट्ट्यांवर टाकते. आपल्या स्लॅबला निम्मा भार एका दिशेला, निम्मा दुसऱ्या दिशेला: मोमेंट येतो 10. आयएस 456 च्या तक्ता 27 मधला, कोपरे दाबून न धरलेल्या स्लॅबचा 0.062 हा गुणक म्हणजे हेच गणित. ते सुरक्षित आहे, कारण भाराचा पूर्ण हिशेब लागतो.

गफलत होते ती दोन पद्धतींची सरमिसळ केल्यावर. कॉम्प्युटरने 5.9 सांगितलं ते पीळ उरलेलं ओझं वाहतोय या भरवशावर. आपण 5.9 घेतलं आणि पीळ टाकून दिला. 10 पैकी 4.1 कोणाच्याच नावावर नाही. तीन हमालांनी उचललेल्या कपाटाच्या तिसऱ्या हमालाला घरी पाठवायचं आणि उरलेल्या दोघांना ओझं तेवढंच राहील असं सांगायचं, त्यातला प्रकार. इमारत लगेच पडत नाही, भार सहसा पूर्ण येत नाही, कडा थोड्या जखडलेल्या असतात, म्हणून चूक लपून राहते.

आणि पट्ट्यांची पद्धत वापरलीत तरी कोपरा पिळला जाणारच. त्याला आपलं गृहीतक माहीत नाही. तेव्हा तिथे 80 सेंटिमीटरची जाळी वर आणि खाली टाकाच, आणि वरची जाळी खुर्च्यांवर बसवून घ्या. काँक्रीट ओतताना माणसं तिच्यावरूनच चालतात, आणि खाली दबून बसलेली वरची जाळी आहे काय नि नाही काय.

पुढच्या वेळी भिंती काढून टाकू आणि थेट खांबांवर टेकलेला स्लॅब पाहू.